कोंबडीचे पंचांग

कोंबडे झाकून ठेवले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण मराठी घरात लहान मुलालाही ठाऊक असते. कोंबड्याचे आणि उजेडाचे नाते त्या म्हणीने नेमके धरले आहे. कोंबडीचे आणि उजेडाचे नाते मात्र माणसाला फार उशिरा उमगले. कोंबड्याची बांग साऱ्या आळीला ऐकू येते. कोंबडीचा हिशेब तिच्या पोटात मुकाट्याने चालतो, आणि तो चुकला असे धन्याला वाटले की तिची बाजू मांडणारे कोणी नसते.

परसातली कोंबडी चार-सहा महिने बऱ्यापैकी अंडी देते आणि एके दिवशी खुराड्यात हात घालावा तर जागा रिकामी. आठवडा जातो, पंधरवडा जातो. दाणे टाकणे तर चालूच असते. मग घरात तिच्याविषयी बोलणे निघते, आणि त्या बोलण्याचा शेवट बहुधा चुलीवरच्या पातेल्यात होतो. गोव्यातील वाडे असोत, बेळगावकडची खेडी असोत, माळवा असो की तेलंगण असो, ज्या घरी चार कोंबड्या आहेत तेथे अंड्यांचे पैसे पुष्कळदा घरच्या बाईच्या स्वतःच्या हातचे असतात. मुलाची वही, औषधाची बाटली, पाहुण्याचा चहा त्यातून निघतो. त्यामुळे कोंबडी ठेवावी की कापावी हा निवाडा वाटतो तितका क्षुल्लक नव्हे. ती का थांबली हे न पाहता तिला कापणे म्हणजे पुढच्या वर्षाची मिळकत एका जेवणात संपविणे होय. या निवाड्यात माणसाने कोणकोणत्या चुका केल्या आणि त्या कशा सुधारत आणल्या, याचा इतिहास दोन हजारांहून अधिक वर्षांचा आहे, आणि तो आजही उपयोगी पडण्यासारखा आहे.

या इतिहासाचा आरंभ रानात होतो. घरच्या कोंबडीची मूळ पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातील जंगलांची तांबडी रानकोंबडी. सह्याद्रीत दिसते ती करडी रानकोंबडी निराळ्या जातीची. थायलंडच्या मध्यभागातील बान नॉन वाट या ठिकाणी सापडलेली हाडे पाळीव कोंबडीची आजवरची सर्वांत जुनी हाडे असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडले गेले. त्यांचा काळ इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० असा ठरविण्यात आला आहे. भात आणि बाजरीच्या वर्गातील धान्ये पिकविणाऱ्या माणसाच्या शेताभोवती हा पक्षी दाण्यांच्या आशेने आला आणि तेथेच राहिला, असे त्या संशोधकांचे मत आहे.

रानकोंबडी अंडी घालते ती माणसाच्या न्याहारीसाठी नव्हे, पिलांसाठी. दिवस मोठे होऊ लागले, किडे आणि कोवळा चारा मुबलक मिळू लागला की ती आडोशाला घरटे करते, थोडी अंडी घालते आणि अंडी घालणे थांबवून त्यांवर एकवीस दिवस बसते. पिले मोठी होईपर्यंत तिला दुसरे काम नसते. वर्षाकाठी तिची अंडी दहा-पंधराच्या घरात राहतात. म्हणजे अंडी न देणे हीच तिची नेहमीची स्थिती असून अंडी देणे हा वर्षातला एक छोटा हंगाम आहे. परसातली कोंबडी कितीही माणसाळली तरी हे जुने पंचांग तिच्या रक्तातून पुरते गेलेले नाही. पुढचे सारे शोध म्हणजे या पंचांगाची एकेक ओळ लावण्याचा खटाटोप होय.

त्यातली पहिली ओळ ग्रीसमध्ये वाचली गेली. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांविषयी जो ग्रंथ लिहिला त्यात कोंबडीला मोठे स्थान आहे. उबवणीस ठेवलेली अंडी दिवसामागून दिवस फोडून आत पिलू कसे घडते, हे त्याने पाहिले. कोंबडी वर्षभर अंडी देते, मात्र हिवाळ्यात सूर्य दक्षिणेच्या टोकाला जातो त्या सुमाराचे दोन महिने देत नाही, असेही त्याने नोंदविले. नोंद अचूक होती. पण दोन महिने का, याचा उलगडा व्हायला पुढे तेवीस शतके जावी लागली. हिवाळ्यात थंडीही असते आणि दिवसही लहान असतो. या दोहोंतले कोणते कारण खरे, हे नुसते पाहून कळण्यासारखे नव्हते.

पहिल्या शतकातील रोमन शेतीकार कोलुमेल्ला याने थंडीची बाजू घेतली असे त्याच्या सूचनांवरून दिसते. खुराडे हिवाळ्यातील उगवत्या सूर्याकडे तोंड करून बांधावे, ते भट्टी किंवा स्वयंपाकघर यांच्या लगत असावे म्हणजे धूर आत येऊन पक्ष्यांना मानवतो, असे तो सांगतो. अंडी वाढावीत म्हणून अर्धवट शिजविलेले सातू द्यावे असाही त्याचा उपदेश आहे. तीन वर्षांवरची कोंबडी ठेवू नये, हा नियमही त्याचाच. यांतील बरेचसे आजही चुकीचे म्हणता येणार नाही. ऊब, अन्न आणि वय ही तीन कारणे रोमन शेतकऱ्याला कळली होती. चौथे कारण त्याच्या डोळ्यांसमोर रोज उगवत होते आणि मावळत होते.

मधल्या काळात कोंबडीतच एक बदल होत गेला, आणि तो कोणी लिहून ठेवला नाही. तो उघडकीस आला अलीकडे. २०१० मध्ये स्वीडनमधील उप्साला येथील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने पाळीव कोंबड्यांच्या आनुवंशिक द्रव्याची रानकोंबडीशी तुलना करण्यात आली, तेव्हा कंठग्रंथीच्या कार्याशी निगडित असा एक जनुक जवळजवळ सर्व पाळीव कोंबड्यांत एकाच बदललेल्या रूपात आढळला. पशुपक्ष्यांत विणीचा हंगाम दिवसाच्या लांबीशी बांधला जातो त्या यंत्रणेत या जनुकाचा हात असतो. २०१७ मध्ये युरोपातील जुन्या हाडांवरून दुसऱ्या संशोधकांनी अनुमान काढले की, या बदलाची निवड साधारण हजार वर्षांपूर्वी जोराने सुरू झाली असावी. त्या काळी युरोपात शहरे वाढत होती आणि चर्चच्या उपवासाच्या नियमांमुळे चतुष्पादांचे मांस पुष्कळ दिवस वर्ज्य असे. त्यामुळे कोंबडी आणि अंडी यांची मागणी वाढली, असा दुवा त्यांनी सुचविला आहे. जी कोंबडी हंगामाची वाट न पाहता अंडी देई तिचीच पिले लोकांनी राखली. याप्रमाणे हंगामाची गाठ सैल झाली. ती सुटली मात्र नाही.

ही गाठ उजेडाची आहे हे कळण्याचा मान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कंदील घेऊन खुराड्यात शिरलेल्या काही अमेरिकन पाळकांना द्यावा लागेल. त्यांनी हिवाळ्यात संध्याकाळी किंवा पहाटे खुराड्यात दिवा लावला आणि अंडी वाढली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात जेम्स राइस यांनी हाच प्रयोग पद्धतशीर रीतीने केला. त्या गावी डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो. दिव्याने तो वाढविला की ऐन हिवाळ्यात, म्हणजे अंड्यांचा भाव सर्वांत चढा असताना, अंडी हाती येऊ लागली. गुण आला, पण कारण चुकीचे लावले गेले. दिवा लावल्याने कोंबडी अधिक वेळ जागी राहते, अधिक खाते आणि म्हणून अधिक अंडी देते, असे त्या काळी बहुतेकांनी धरले.

हे कारण ढासळण्यास सुरुवात झाली ती कोंबडीमुळे नव्हे, एका रानपाखरामुळे. कॅनडातील एडमंटन येथे विल्यम रोवन यांनी १९२४ च्या हिवाळ्यात जुंको नावाचे चिमणीएवढे पक्षी उघड्या पिंजऱ्यांत ठेवले आणि दिव्यांच्या साह्याने त्यांचा दिवस रोज थोडा थोडा वाढविला. बाहेर रक्त गोठविणारी थंडी. तरीही त्या पक्ष्यांची जननेंद्रिये भर हिवाळ्यात वसंतातल्यासारखी वाढली. थंडीचा दावा तेथे निकालात निघाला. अर्थात रोवन यांनाही सारे साधले नाही. उजेडामुळे पक्षी अधिक हालचाल करतो आणि त्या व्यायामाचा हा परिणाम असावा, असे त्यांना वाटत होते. फ्रान्समध्ये जाक बेन्वा यांनी पुढील दशकात बदकांवर प्रयोग करून दाखविले की, उजेड डोळ्यांवाटे न जाता थेट मेंदूच्या खोल भागावर पोहोचविला तरी तोच परिणाम होतो. पक्ष्याच्या पातळ कवटीतून उजेड आत झिरपतो, मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीला चेतना मिळते आणि तिच्या स्रावाने अंडाशय जागे होते. पोटभर खाणे आणि हिंडणे यांचे महत्त्व आहेच; पण दिवस उजाडला आणि किती वेळ उजेड राहिला, याची मोजदाद निराळ्या ठिकाणी होते.

१९३३ मध्ये केंब्रिजच्या एडिथ व्हेटम यांनी निरनिराळ्या अक्षांशांवरील अंड्यांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा चित्र पुरे झाले. अंड्यांचा चढउतार उष्णतेपेक्षा दिवसाच्या लांबीशी अधिक जुळत होता, आणि विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितका तो ठळक होत होता. ॲरिस्टॉटलच्या त्या दोन महिन्यांचा जाब अखेर मिळाला. चौदा ते सोळा तास उजेड मिळाला तर कोंबडीचा हंगाम लांबतो, हा आजचा नियम याच संशोधनाच्या मालिकेतून आला.

उजेडाचा शोध लागत होता त्याच काळात निवाड्याच्या दुसऱ्या बाजूची, म्हणजे कोणती कोंबडी ठेवावी आणि कोणती काढावी याचीही परीक्षा चालू होती. अमेरिकेतील मेन राज्याच्या शेतकी प्रयोगकेंद्रात १८९८ पासून एक मोठा उद्योग आरंभण्यात आला. कोंबडी आत शिरताच दार मिटावे अशी घरटी बसवून प्रत्येक कोंबडीची अंडी वेगळी मोजण्यात आली, आणि सर्वाधिक अंडी देणाऱ्यांचीच पिले वाढविण्यात आली. वर्षामागून वर्षे गेली, पण कळपाची सरासरी वाढेना. रेमंड पर्ल यांनी त्या नोंदी तपासून सांगितले की, एखादीने एका वर्षी पुष्कळ अंडी दिली म्हणून तिच्या मुली तशाच निघतील असे नाही. अन्न, निगा, ऋतू यांचा वाटा त्या आकड्यात मिसळलेला असतो. शिवाय गुण बापाकडूनही येतो, आणि कोंबडा तर अंडी देत नाही. म्हणून लेकी कशा निघतात हे पाहूनच आईबापांची पारख करावी. ही रीत पुढे जगभर रूढ झाली. १९१३ मध्ये ओरेगन येथील शेतकी महाविद्यालयात जेम्स ड्रायडन यांच्या एका कोंबडीने वर्षात ३०३ अंडी दिली, तेव्हा तीनशेचा टप्पा ओलांडल्याचे मोठे कौतुक झाले होते. आज कारखान्यातील पांढरी कोंबडी हा आकडा सहज गाठते.

याच निवाड्याविषयी पहिल्या महायुद्धातील एक प्रसंग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. युद्धामुळे धान्य महाग झाले होते, हिवाळ्यात कोंबड्या अंडी देत नव्हत्या, आणि अमेरिकन शेतकरी त्या बाजारात मांसासाठी विकू लागले होते. १९१८ च्या फेब्रुवारीत तेथील अन्न प्रशासनाने परवानाधारक व्यापाऱ्यांना अशा कोंबड्यांचा मांसासाठी व्यवहार करण्यास एप्रिलपर्यंत मनाई केली. कारण साधे होते. फेब्रुवारीत रिकामी दिसणारी कोंबडी मार्च-एप्रिलात, दिवस वाढताच, सर्वाधिक अंडी देणार होती. शेतकरी तिला नेमकी तिच्या हंगामाच्या उंबरठ्यावर कापत होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जी कुटुंबे शिधापत्रिकेवरील अंडी सोडीत त्यांना परसातल्या कोंबड्यांसाठी पूरक भरड मिळे. ती स्वयंपाकघरातील उष्ट्या-खरकट्यात मिसळून घालावयाची. उष्टे-खरकटे पोट भरते, पण अंडे घडविण्यास पुरत नाही, हे त्या व्यवस्थेत गृहीत धरलेले होते.

आता हे सारे ज्ञान आपल्याकडे आणताना एक मोठा फरक लक्षात घ्यावा लागतो. डिसेंबरच्या अखेरीस एडिंबरा येथे दिवस सुमारे सात तासांचा असतो. त्याच वेळी ग्वाल्हेरला तो साधारण साडेदहा तासांचा आणि पणजीला सव्वाअकरा तासांच्या आसपास असतो. म्हणजे आपल्या कोंबडीला हिवाळ्याचा फटका बसतो तो सौम्य. उत्तरेकडे थोडा अधिक, गोव्यात अगदीच थोडा. विलायती पुस्तकातला दिव्याचा उपाय खरा असला तरी आपल्या परसात तो पहिला उपाय ठरत नाही. येथे कोंबडी थांबते त्याची कारणे अधिक जवळची आहेत.

पहिले कारण खुडूक होणे. देशी कोंबडी दहा-पंधरा अंडी देते आणि अंग फुगवून घरट्यात बसून राहते. जवळ गेले की गुरगुरते. ही आळशी झालेली नसून आई होऊ पाहत आहे. तिच्या रक्तात वाढलेला एक स्राव अंडाशयाला थांबवितो. अंडी उबवून पिले वाढवायची असे तीनदा-चारदा झाले की वर्षाची अंडी चाळीस ते ऐंशीच्या पलीकडे जात नाहीत, यात नवल नाही. पिले हवी असतील तर तिला बसू द्यावे. इतकी चांगली उबवणी दुसरी नाही. पिले नको असतील तर अंडी रोज उचलावीत आणि तिला चार-पाच दिवस पट्ट्यांच्या किंवा जाळीच्या तळाच्या हवेशीर पिंजऱ्यात, उजेडात, दाणापाणी देऊन ठेवावे. पोटाखाली वारा खेळला आणि घरटे मिळाले नाही की खुडूकपणा ओसरतो. नाकात पीस खुपसणे किंवा पाण्यात बुचकळणे असले छळ करण्याचे कारण नाही.

दुसरे कारण पिसे झडणे. पहिले वर्ष पुरे झाले की दिवस लहान होऊ लागतात त्या सुमारास कोंबडी जुनी पिसे टाकून नवी घेते. पीस जवळजवळ सगळेच प्रथिनांचे असते. एकाच शरीराला एकाच वेळी नवा अंगरखा आणि रोजचे अंडे दोन्ही परवडत नाहीत. म्हणून दोन-तीन महिने अंडी बंद राहतात. या काळात तिचे रूप उतरते, ती उदास दिसते, आणि नेमकी तेव्हाच ती सुरीखाली जाते. वास्तविक पिसे भरून आली की ती पुन्हा अंडी देते, आणि ती अंडी आकाराने पूर्वीपेक्षा मोठी असतात. संख्या मात्र दर वर्षी थोडी थोडी घटत जाते. कोलुमेल्लाचा तीन वर्षांचा नियम यावरूनच आला असावा.

तिसरे कारण चुना. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. ज्वारीच्या शंभर ग्रॅम दाण्यांत ते सुमारे पंचवीस मिलिग्रॅम सापडते, तांदळात त्याहूनही कमी. नाचणी सर्वांत उदार, तरी तीही सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅमच देते. हिशेब सरळ आहे. दिवसभराच्या ज्वारी-तांदळाच्या दाण्यांतून कवचाचा विसावा भागही निघत नाही. कोंबडी काही दिवस आपल्या हाडांतला चुना काढून अंडे घडविते. मग कवच पातळ होते आणि शेवटी अंडी थांबतात. कोकण-गोव्यात तिसऱ्या आणि खुबे यांची कवचे उकिरड्यावर पडलेली असतात. ती कुटून एका वेगळ्या भांड्यात ठेवावीत. समुद्र दूर असेल तेथे चुनखडीचे बारीक खडे, किंवा भाजून चुरलेली अंड्यांची टरफले द्यावीत. ती दाण्यांत मिसळू नयेत. किती घ्यायची ते कोंबडीला कळते.

चौथे कारण उष्णता आणि पाणी. मराठवाडा, तेलंगण, माळवा येथील वैशाखात कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते. तापमान तिशी-पस्तिशीपलीकडे गेले की ती कमी खाते, आणि धापा टाकल्याने रक्तातील कर्बवायू अधिक बाहेर पडून कवचाला लागणारा मसाला कमी पडतो. अंड्याचे वजन सुमारे दोनतृतीयांश पाण्याचेच असते. दुपारी भांडे कोरडे राहिले तर दुसऱ्या दिवसापासून अंड्यांत खंड पडणे साहजिक आहे. सावलीतले मातीचे भांडे, दिवसातून दोनदा बदललेले गार पाणी, आणि दाणे पहाटे व संध्याकाळी देणे, इतके केल्याने उन्हाळ्यातील तूट बरीच भरून निघते.

पाचवे कारण नुसत्या धान्यावर ठेवणे. कणी आणि कोंडा पोट भरतात. अंड्याला प्रथिने लागतात, आणि ती भुईमुगाची पेंड, खोबऱ्याची पेंड, सुकट, वाळवी, गांडुळे, हिरवा पाला यांतून येतात. मोकळी हिंडणारी कोंबडी पावसाळ्यात हे स्वतः मिळविते. माघ-फाल्गुनात जमीन कोरडी पडली की तिला ते हाताने द्यावे लागते. मूठभर पेंड आणि थोडी सुकट हा खर्च अंड्यांतून भरून येतो.

सहावे कारण रोग. १९२६ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल आणि जावा येथे कोंबड्यांची एक नवी साथ नोंदली गेली. १९२७ मध्ये ती कुमाऊँतील रानीखेत येथे आढळली आणि आपल्याकडे तिला रानीखेत हेच नाव पडले. मराठी शेतकरी तिला मानमोडी म्हणतो. एका आठवड्यात वाडीच्या वाडी रिकामी करणारा हा रोग आहे, आणि त्यातून वाचलेल्या कोंबड्यांची अंडी घटतात, कवचे वेडीवाकडी होतात. मुक्तेश्वर येथील सरकारी पशुवैद्यक संस्थेत १९४० च्या दशकात त्यावर लस सिद्ध झाली. परसातल्या चार कोंबड्यांना ती टोचून घेण्याचे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. पिलू लहान असताना एक मात्रा आणि आठवे आठवडे उलटल्यावर दुसरी, असा क्रम पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून पाळावा. त्यासोबत जंतांचे औषध द्यावे, आणि खुराड्याच्या फटींतून रात्री बाहेर पडून रक्त पिणाऱ्या गोचिडांसाठी फटी बुजवून आतून चुना मारावा. ज्या कोंबडीचे रक्त रात्रभर शोषले जाते ती दिवसा अंडे कोठून देणार?

यांखेरीज एक गोष्ट सर्वांआधी पाहावी. अंडी खरोखर थांबली आहेत, की ती भलतीकडे जात आहेत? मोकळी कोंबडी कुंपणात किंवा गंजीत गुपचूप घरटे करते. मुंगूस, साप, कावळा आपला वाटा उचलतात. चार दिवस सकाळी दहा-अकरापर्यंत तिला आत ठेवले की खरेखोटे कळते. पुढची खूण हाताने पाहण्याची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत वॉल्टर होगन यांनी तिचा मोठा प्रसार केला. शेपटीखालची दोन टोकदार हाडे चाचपावीत. त्यांत दोन-तीन बोटे मावत असतील, तुरा लाल आणि भरलेला असेल, तर कोंबडी अंडी देत आहे. हाडे जेमतेम बोटभर अंतरावर आणि तुरा फिका व आक्रसलेला असेल तर ती थांबली आहे. पण थांबली एवढेच त्यावरून कळते. का थांबली ते वरील कारणांत शोधावे लागते.

दिव्याचा प्रश्न शेवटी. ग्वाल्हेर-इंदूरकडे कार्तिकापासून माघापर्यंत, बाकी सारे ठीक असता, खुराड्यात पहाटे दोन-तीन तास लहानसा दिवा लावण्यास हरकत नाही. वर्तमानपत्राचे मथळे वाचता येतील इतका उजेड पुरे. तो पहाटेच लावावा. संध्याकाळी एकाएकी मालविला तर कोंबड्या अंधारात दांडीवर चढू शकत नाहीत. सुरू केल्यावर मध्येच बंद करू नये, कारण दिवस एकदम लहान झाला असे समजून त्या पिसे टाकू लागतात. आणि वाढत्या तलंगांना हा जागर देऊ नये. अंग भरण्याआधी त्या अंडी देऊ लागतात आणि ती लहान राहतात.

गेल्या अर्धशतकात देशातील अंड्यांचा बहुतांश व्यापार मोठ्या कारखान्यांकडे गेला. तरी परसातली कोंबडी मोडीत निघाली नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटी १८ लाख कोंबड्या-बदके मोजली गेली; त्यांपैकी ३१ कोटी ७० लाख परसातली होती, आणि २०१२ च्या मानाने ही संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठीच वनराजा, ग्रामप्रिया असे वाण तयार केले. त्यांतली ग्रामप्रिया परसातही वर्षाला दीडशेपलीकडे अंडी देते. झाबुआची काळी कडकनाथ त्यामानाने थोडी अंडी देते, पण तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचा भाव निराळा आहे. वाण निवडताना एवढे ध्यानात घ्यावे की, अंडी वाढविलेल्या वाणात खुडूक बसण्याची वृत्ती मंदावलेली असते. त्या घरी अंडी उबविण्यास एखादी देशी कोंबडी लागतेच. जिला कमी अंड्यांसाठी बोल लावला जातो तिच्यावाचून पुढची पिढी निघत नाही.

कोंबडी थांबली की दोष तिच्या माथी मारण्यापूर्वी एक साधी वही घालावी. कोणत्या तारखेला कोणी अंडे दिले, कोणी पिसे टाकली, कोण खुडूक बसली, पाणी किती वेळा बदलले, लस केव्हा टोचली, एवढेच त्यात लिहावे. मेनच्या प्रयोगकेंद्रातील पंडितांनी याहून फार वेगळे केले नव्हते. वर्षभर ती वही चालली तर घरच्या बाईला आपल्या कोंबड्यांचे पंचांग कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक स्पष्ट वाचता येईल. त्यानंतरही एखादी म्हातारी कोंबडी खरोखर रिकामी निघाली, तर तिचा निवाडा करण्यास घर मोकळे आहे. तो निवाडा निदान पाहून-समजून केलेला असेल.